नळीची लांबी आणि घाटाची चढण

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. परंतु वजनाच्या हिशेबाने पाहू गेल्यास इंजिन ज्या पदार्थाचे खरे खादाड असते तो पदार्थ पेट्रोल नसून हवा होय. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस दोन लिटर या प्रमाणाने ते मिनिटाकाठी सहा घनमीटर, म्हणजे वजनाने सुमारे सात किलो हवा आत ओढू पाहते. ही हवा फिल्टरमधून गाळून, थ्रॉटलच्या झडपेपाशी मोजूनमापून, मग प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी ज्याची त्याला वाटून देण्याचे काम ज्या नळ्यांच्या जुडग्याकडे असते, त्यास इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. त्याचे अवयव तीनच: हवा जिथे प्रथम जमते ती पेटी, म्हणजे प्लेनम, त्या पेटीतून एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, म्हणजे रनर, आणि पेटीच्या तोंडाशी बसणारी थ्रॉटल बॉडी. साध्या मॅनिफोल्डात फिरणारा भाग थ्रॉटलच्या पाकळीवाचून दुसरा नसतो, आणि म्हणूनच की काय, स्पोर्ट्स कारच्या हौशी मालकास हा अवयव बदलणे अत्यंत सोपे वाटते: जुना सोडवावयाचा, नवा चमकदार बसवावयाचा, आणि वाढलेल्या अश्वशक्तीचा आनंद भोगावयाचा. प्रत्यक्षात मॅनिफोल्ड शक्ती निर्माण करीत नाही. इंजिनात जी शक्ती आहे ती कोणत्या फेऱ्यांवर हाती यावी, एवढाच निवाडा तो करतो. हा निवाडा ज्याच्या ध्यानी आला, त्याला निवड करणे जड जात नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना इंजिन ही वस्तू परकी नाही. कुंडलच्या माळावर, तेव्हाच्या औंध संस्थानच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० साली कारखाना उभारला आणि त्या ओसाड जागेची किर्लोस्करवाडी झाली. साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते, त्यांच्या कारखान्यातून नांगरांबरोबर ऑइल इंजिनेही बाहेर पडली. पुढे साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर निघू लागली. कृष्णा-वारणेच्या काठच्या मळ्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत त्या जुन्या ऑइल इंजिनाचा संथ ठोका अजून असेल. लिस्टर पद्धतीचे तसले इंजिन मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेई. म्हणजे हवा आत घेण्याच्या एका स्ट्रोकला त्यास सुमारे ४६ मिलिसेकंद मिळत, आणि एवढ्या सवडीत कोणत्याही आखूड, वाकड्या, ओबडधोबड नळीतून सिलिंडर भरे. मोटारीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर गेले की तीच सवड ५ मिलिसेकंदांवर येते. मळ्यातल्या इंजिनाला मॅनिफोल्डची चिंता कधी पडली नाही आणि मोटारीच्या इंजिनाला ती का पडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आले.

पाच मिलिसेकंदांत सिलिंडर भरावयाचा, तर नुसत्या पिस्टनच्या ओढीवर भिस्त ठेवून भागत नाही. पिस्टन वेगाने खाली जाऊ लागतो तेव्हा उघड्या व्हॉल्व्हपाशी हवेचा दाब एकाएकी घटतो, आणि या घटीची लाट ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, नळीतून उलट दिशेने प्लेनमकडे धावते. प्लेनमपाशी नळीचे तोंड मोकळे असते. मोकळ्या तोंडावर आदळलेली विरळ लाट परतताना दाट होऊन परतते, हा ध्वनिशास्त्राचा नियम आहे. परतलेली ही दाट लाट व्हॉल्व्ह मिटण्यापूर्वी नेमकी येऊन पोहोचली, तर सिलिंडरमध्ये एरवी गेली नसती इतकी हवा ती जाता जाता कोंबते. उशिरा पोहोचली तर मिटल्या दारावर आपटून परत जाते, आणि फार लवकर पोहोचली तरी तिचा जोर दार मिटण्याच्या ऐन क्षणापूर्वीच ओसरून गेलेला असतो. नळीची लांबी एकदा ठरली की लाटेला जाऊन येण्यास लागणारा काळ ठरतो. आणि हा काळ इंजिनाच्या फेऱ्यांशी ज्या एका ठिकाणी जुळतो, तेथेच तिचा पुरा लाभ मिळतो. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याची तार ज्या लांबीवर बांधली त्या लांबीचाच स्वर ती देणार. तद्वत रनरही ज्या लांबीचा घडवला त्या लांबीच्या फेऱ्यांवरच इंजिनाला साथ देतो.

ढोबळ हिशेब कोणासही करता येईल. लाटेने क्रँकशाफ्ट सुमारे ८० अंश फिरेपर्यंत परतावे असे धरले, तर व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ३५ सेंटिमीटर लांबीची वाट सुमारे ६५०० फेऱ्यांवर फळास येते, ५० सेंटिमीटरची ४६०० च्या आसपास, आणि ७६ सेंटिमीटरची ३००० वर. या लांबीत सिलिंडर हेडमधील पोर्टची लांबीही धरावयाची असते. ती विसरून केवळ बाहेरच्या नळीचे माप घेणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा हिशेब हजार-दीड हजार फेऱ्यांनी चुकतो. कॅमशाफ्टची घडण, व्हॉल्व्ह मिटण्याचा क्षण, नळीतील हवेचे तापमान यांनी हे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, पण त्यांची दिशा बदलत नाही: लांब नळी खालच्या फेऱ्यांवर दम देते, आखूड नळी वरच्या फेऱ्यांवर.

याचा सर्वांत सुबक दाखला अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० साली घालून दिला. त्या वर्षीच्या ‘३०० एफ’ या मोटारीच्या ४१३ घनइंचाच्या आठ-सिलिंडरी इंजिनावर तिने ३० इंच लांबीच्या नळ्या अशा बसवल्या, की डाव्या बाजूच्या सिलिंडरांची नळी इंजिनाला ओलांडून उजवीकडच्या कार्ब्युरेटरला भेटे आणि उजवीकडची डावीकडे जाई. तीस इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. आणि वरील ढोबळ हिशेबाला जणू साक्ष द्यावी असा त्या इंजिनाचा कमाल टॉर्क २८०० फेऱ्यांवर मिळे, कमाल शक्ती ३७५ अश्वशक्ती ५००० वर. त्याच सालात अगदी थोड्या गाड्यांसाठी कंपनीने दुसरा मॅनिफोल्ड काढला. तो बाहेरून पाहता पहिल्यासारखाच दिसे, पण आतला दुभाजक अर्ध्यात कापून नळीची परिणामी लांबी निम्मी केलेली असे. शक्ती ४०० अश्वशक्तीवर गेली, तीही अधिक फेऱ्यांवर. आणि खालचा टॉर्क मात्र कमी झाला. बाह्यतः जुळ्या भासणाऱ्या दोन वस्तू आतल्या एका दुभाजकाने परस्परविरोधी स्वभावाच्या होतात, हे ज्याने लक्षात ठेवले त्याला दुकानातील चकाकीचा मोह पडू नये. माझदाच्या ७८७बी या मोटारीने १९९१ साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तिच्या चार-रोटरी इंजिनाच्या नळ्या तर चालू असतानाच दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होत. एका लांबीने सर्व फेऱ्यांचे समाधान होत नाही, याची ती कबुलीच होती. आजच्या पुष्कळ सामान्य मोटारींच्या प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डमध्येही आतल्या पाकळीने नळीची वाट लांब वा आखूड करण्याची सोय कारखान्यातूनच आलेली असते, आणि ती सोय काढून टाकून एकाच लांबीचा ‘परफॉर्मन्स’ मॅनिफोल्ड मोठ्या किमतीने बसवणे हा व्यवहार कोणत्या अंगाने फायद्याचा, ते प्रस्तुत लेखकास आजवर उमगलेले नाही.

आता ही गाडी चालवावयाची कोठे, हा प्रश्न आला. साताऱ्याच्या मालकाची वाट ठरलेली असते: पुणे-बेंगळुरू महामार्ग, खंबाटकीचा घाट, वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणी आणि महाबळेश्वर, नाहीतर कासच्या पठाराकडची वळणे. सांगलीच्या मालकाची वाट सपाटीवरची, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड, आणि रविवारी पुन्हा तोच महाबळेश्वर. पसरणीच्या घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते आणि काटा अडीच हजार ते साडेचार हजार यांच्यामध्ये खेळतो. वळण संपले न संपले तोच दुसरे सुरू होत असल्याने त्याच्या वर जाण्यास रस्ताच उरत नाही. महामार्गावर वरच्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर, जी चारपदरी मार्गावर मोटारीस केंद्राने घालून दिलेली कमाल मर्यादा आहे, त्या वेगाला बहुतेक स्पोर्ट्स कारचे इंजिन तीन हजारांच्या आतच रेंगाळत असते. ज्या मॅनिफोल्डचा उत्कर्ष साडेसहा हजारांवर, तो या वाटांवर मालकास कधी भेटावयाचाच नाही. उलट मधल्या फेऱ्यांवरचा दम, ज्यावर घाटातले सारे सुख अवलंबून, तो मात्र खालसा होईल. गॅरेजातल्या भाषेत सांगावयाचे तर ‘टॉप वाढला, पिकअप गेला’.

दुसरी बाब उंचीची, आणि आपल्या भागात ती अधिक महत्त्वाची आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर, सातारा सातशेच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सांगलीत सुमारे ६ टक्के, साताऱ्यात ८ टक्के आणि महाबळेश्वरी १५ टक्के कमी भरतो. टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा कमी, तेवढी शक्ती कमी देते. मुंबईच्या किनाऱ्यावर १०० अश्वशक्ती देणारे इंजिन महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचेपर्यंत पंच्याऐंशीच्या घरात उतरते, थंड हवेने त्यातले थोडेसे परत मिळते एवढेच. उत्तम निवडलेल्या मॅनिफोल्डने एखाद्या फेऱ्यांच्या पट्ट्यात चार-पाच टक्के हाती लागले तर पुष्कळ झाले. म्हणजे घाट जे घेतो त्याची तिहाईही तो परत करीत नाही. यासाठी जाहिरातीतील आकडा कोणत्या गावच्या, कोणत्या उंचीच्या डायनोवर, म्हणजे शक्ती मोजण्याच्या यंत्रावर, निघाला याची चौकशी केल्यावाचून त्याची तुलना आपल्या गाडीशी करू नये, आणि आपल्या गाडीचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे माप एकाच डायनोवर, शक्यतो एकाच दिवशी घ्यावे.

टर्बोचार्जर असलेल्या गाडीचा न्याय निराळा. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली बाहेर आलेली फियाटची अबार्थ पुंटो, १.४ लिटरच्या टी-जेट इंजिनातून १४५ अश्वशक्ती देणारी, ही आपल्या प्रांतात घडलेल्या मोजक्या तिखट गाड्यांपैकी एक. अशा इंजिनात हवा पंपाने कोंबली जात असल्याने लाटेच्या परतीचे महत्त्व घटते, आणि उंचीचा मारही टर्बो आपल्या अंगावर घेतो. येथे मॅनिफोल्ड बदलून जे मिळावयाचे त्याहून कितीतरी अधिक चांगल्या इंटरकूलरने आणि नीट केलेल्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, ट्यूनिंगने मिळते. मॅनिफोल्डचा प्रश्न टर्बोत उद्भवतो तो मुख्यतः बळकटीचा: काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा मूळ मॅनिफोल्ड कारखान्याने ठरवलेल्या दाबापुरता बांधलेला असतो, दाब पुष्कळ वाढवल्यास त्याची जोडाची रेघ उकलण्याची भीती असते आणि तेव्हा ओतीव अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ही हौस न राहता गरज होते. एरवी मात्र नायलॉनला कमी लेखू नये. अॅल्युमिनियम इंजिनाची उष्णता झटकन शोषून घेते. खंबाटकीच्या रांगेत भर वैशाखात अर्धा तास उभ्या राहिलेल्या गाडीत तापलेला धातूचा प्लेनम आतल्या हवेलाही तापवतो, आणि तापलेली हवा पातळ असते. नायलॉन तेवढे तापत नाही, वजनाला हलके, आणि आतून गुळगुळीत.

टर्बो नसलेल्या गाड्यांकडे पुन्हा वळू. फोर्डची मस्टँग २०१६ साली भारतात अधिकृतपणे विकली जाऊ लागली; ५ लिटरचे आठ-सिलिंडरी इंजिन, येथील बांधणीत ४०१ पीएस. परदेशात या इंजिनाच्या आधीच्या पिढीवर मालक मंडळींत एक जुना वाद आहे, तो निवडीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. फोर्डने २०१२ च्या मॉडेलवर्षासाठी ‘बॉस ३०२’ नावाची मस्टँग काढली. साध्या जीटीची ४१२ अश्वशक्ती तिच्यात ४४४ झाली आणि इंजिन साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ लागले. तिचा आखूड रनरांचा मॅनिफोल्ड साध्या जीटीवरही बसतो, म्हणून अनेकांनी तो बसवला. परंतु बॉसच्या अंगी जी बत्तीस अश्वशक्ती अधिक होती ती एकट्या मॅनिफोल्डची कमाई नव्हती. कॅमशाफ्ट, सिलिंडर हेडचे पोर्ट, व्हॉल्व्हची सामग्री ही सारी त्या वरच्या फेऱ्यांसाठीच घडवलेली होती. त्यांच्यावाचून नुसता मॅनिफोल्ड उचलून आणणाऱ्यास सहा हजारांच्या वर थोडी मिळकत झाली आणि खालच्या फेऱ्यांवर तोटा सोसावा लागला. इंजिनातील एक अवयव दुसऱ्यांशी करार करून आलेला असतो. करारातील एकच कलम बदलून चालत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. तरीही, बदलच करावयाचा ठरला असेल तर प्रस्तुत लेखकाचा कौल कारखान्याने त्याच इंजिनकुळासाठी घडवलेल्या दुसऱ्या मॅनिफोल्डलाच राहील. तो चौकटीत बसतो, इंजेक्टरचे कोन जुळतात, सेन्सरांची भोके जागच्या जागी असतात, आणि त्याचे गॅस्केट मागवले तर मिळते.

ज्या गाडीस असा नातलग मॅनिफोल्ड नाही, तिच्यासाठी घडवून घेण्याची वाट उरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी तशा पंथातली. देखणी, पण पोटात रेनोचे ११४९ घनसेंटिमीटरचे, साधारण ६० अश्वशक्तीचे साधे इंजिन. तिच्यासाठी कोणी कंपनी तयार मॅनिफोल्ड विकणार नाही. सुदैवाने कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या मुलखात ओतकाम, लेथ, मिलिंग आणि अॅल्युमिनियमचे अर्गन वेल्डिंग जाणणाऱ्या हातांची वाण नाही. अशा कारागिराकडे जाताना तोंडी वर्णन घेऊन जाऊ नये, माप घेऊन जावे: व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंतची लांबी, पोर्टच्या तोंडाचा नेमका आकार, प्लेनमचे घनफळ. घनफळ इंजिनाच्या मापाच्या एक ते दीडपट धरून सुरुवात करणे सोयीचे; त्याहून फार लहान पेटी वरच्या फेऱ्यांवर गुदमरते, फार मोठी असली तर पाय दाबल्यावर गाडी जागची हलण्यास क्षणभर विलंब लावते. प्रत्येक रनरचे प्लेनममधील तोंड कर्ण्यासारखे बाहेर वळवलेले असावे. सरळ कापलेल्या, कडा धारदार राहिलेल्या नळीत हवा शिरताना कडेपाशी भोवरे उठतात आणि नळीचा व्यास जणू आकसतो. हेडवर बसणारी पट्टी, जिला फ्लँज म्हणतात, ती जाड असावी आणि वेल्डिंगनंतर पुन्हा मिलिंगवर सपाट करून घ्यावी, कारण वेल्डिंगच्या तापाने अॅल्युमिनियम वाकतेच. ती वाकडी राहिली तर कागदाइतक्या फटीतूनही हवा आत शिरते. आपल्याकडचे मेकॅनिक ज्यास ‘गाडी एअर घेते’ म्हणतात तो विकार हाच: मोजमापाला न सापडलेली हवा आत, मिश्रण पातळ, आयडलिंगला इंजिन हलते आणि जोरात पळवल्यास पिस्टन तापतो. नवा मॅनिफोल्ड बसल्याबरोबर धुराची चाचणी करून घेण्याचा आग्रह त्यासाठीच धरावा. ब्रेकच्या बूस्टरला जाणारी निर्वाताची नळी जागेवर घट्ट आहे की नाही, हे तर गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वीच पाहावे. ती निसटली तर पसरणीच्या उतारावर ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो.

मॅनिफोल्डमधील प्लेनमचे महत्त्व ज्याला मुळापासून शिकावयाचे असेल, त्याने स्पोर्ट्स कारपेक्षा विद्यार्थ्यांच्या शर्यतगाड्या पाहाव्यात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पाया १९४७ सालचा. इस्लामपूरजवळ साखराळ्यास आणि साताऱ्यास त्यानंतरची महाविद्यालये आहेत, आणि तेथील मुलांना ही विद्या पुस्तकाबाहेर अनुभवता यावी अशी स्पर्धा म्हणजे फॉर्म्युला स्टुडंट. तिच्या नियमांनुसार इंजिन ७१० घनसेंटिमीटरच्या आत असावे लागते आणि पेट्रोलच्या गाडीत सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून जावी लागते. अशा छिद्रातून हवा ध्वनीच्या वेगाहून अधिक वेगाने जाऊ शकत नसल्याने सेकंदाला साधारण ७० ग्रॅम ही तिची कायमची कमाल मर्यादा ठरते. भारतातील अनेक संघ चाकणला तयार होणारे केटीएमचे ३७३ घनसेंटिमीटरचे एक-सिलिंडरी इंजिन घेतात. मिनिटाला ९००० फेऱ्यांवर त्याची सरासरी भूक सेकंदाला तेहतीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या निम्मीच; मग छिद्राचा अडथळा कसला, असे वाटेल. परंतु एकच सिलिंडर असल्याने हवा ओढली जाते ती चार स्ट्रोकांपैकी एकाच स्ट्रोकात, आणि त्या क्षणापुरती मागणी सरासरीच्या चौपट, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या वर जाते. ही उसळी छिद्र पुरवू शकत नाही. ती प्लेनमने आपल्या साठ्यातून पुरवावी आणि उरलेल्या तीन स्ट्रोकांत तो साठा छिद्राने पुन्हा भरून द्यावा, यासाठी प्लेनम इंजिनाच्या मानाने कितीतरी मोठा ठेवावा लागतो. म्हणूनच एक ते दीडपटीचा वर दिलेला ढोबळ नियम येथे लागू पडत नाही.

मॅनिफोल्ड बदलला की ईसीयूचा नकाशा बदलणे भागच पडते. फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्यावर सिलिंडरात शिरणारी हवा आता वेगळी झालेली असते. प्लेनममधील दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या गाड्यांत ईसीयूला हा फरक आपण होऊन कळत नाही. त्यात आपल्या पेट्रोलात आता इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत आहे; कृष्णाकाठच्या उसाचाच तो एक अंश म्हणावयास हरकत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने अशा पेट्रोलाला पुरते जळण्यास १४.७ ऐवजी किलोमागे सुमारे १३.५ किलो हवाच पुरते. परदेशी दुकानदाराने मॅनिफोल्डबरोबर तयार नकाशा पाठवला असेल तर तो येथील पंपावरच्या पेट्रोलाला जुळेल याची खात्री नसते. वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून, येथील इंधनावर, येथील उंचीवर नकाशा पुन्हा बसवून घ्यावा. या कामाचा खर्च मॅनिफोल्डच्या किमतीच्या हिशेबात आधीच धरावा, कारण खरेदीच्या उत्साहात तो नेमका विसरला जातो.

राहता राहिली सरकार दरबारची बाब. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात अनुज्ञा नसलेल्या फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे. मॅनिफोल्डने इंजिनाचा क्रमांक वा घनफळ बदलत नाही हा युक्तिवाद ऐकावयास बरा. परंतु १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत प्रदूषणनियंत्रणाची साखळी मॅनिफोल्डमधूनच जाते, तिच्यातील एखादी नळी ‘उगीच लोंबते’ म्हणून बंद करून टाकली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पीयूसीच्या दाखल्यास पेच पडतो. विमा कंपनीस न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात कोणत्या वेळी पुढे येईल ते सांगता येत नाही. एमएच-११, एमएच-१० अथवा एमएच-५० ची पाटी लावून रोज रस्त्यावर धावणारी गाडी असेल, तर आरटीओत लेखी विचारणा करून आणि विमा कंपनीचा लेखी होकार पदरात पाडून मगच पाना हाती घ्यावा. गाडी केवळ बंदिस्त शर्यतमार्गावर न्यावयाची असेल, मग तो कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे असो की अन्य कोणता, तर मात्र हौसेला वाव आहे. तेथे सहा-सात हजार फेऱ्याही मिळतात आणि आखूड रनरांचे सार्थकही होते.

तेव्हा सातारा-सांगलीच्या सामान्य रस्त्यावर, टर्बो नसलेली स्पोर्ट्स कार चालवणाऱ्या मालकास प्रस्तुत लेखकाचे सांगणे स्पष्ट आहे: मूळ मॅनिफोल्ड ठेवावा, आणि तो पैसा चांगले टायर, ब्रेकचे पॅड आणि वेळच्या वेळी बदललेला एअर फिल्टर यांवर खर्च करावा. इतके सांगूनही ज्याने बदल केलाच, त्याने निदान काढलेला मॅनिफोल्ड त्याच्या बोल्ट-गॅस्केटसह, सेन्सर व नळ्या जागेवर ठेवून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा आणि भंगारवाल्यास देऊ नये. गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक पहिली मागणी त्याचीच करते.